काचपट्टी क्रमांक सात

कुस्तोदियो आधी तिकीटच देईना.
"तुम्ही आमच्याच," म्हणाला.
मी दहाची नोट खिडकीत तशीच धरून ठेवली.
तेवीस वर्षे फुकट आले इथे,
खांद्याला टेप, पिशवीत ओळंबा,
नजर सतत भिंतीच्या पोटावर.
आज मला वस्तू बघायच्या होत्या,
पाहुण्यांसारख्या.

आणि बघितल्या.
कदंबांच्या काळचा वीरगळ:
खाली होडीतली लढाई, वर अप्सरांनी उचललेला तोच माणूस,
नाक झिजलेले, वल्ही मात्र शाबूत.
मग ओळीने तैलचित्रांतले साहेब.
तोंडे वेगवेगळी, उजवा हात सगळ्यांचा एकच;
चित्रकाराला एवढाच हात येत असावा,
किंवा कुणी एकानेच उभे राहण्याचे पैसे घेतले असावेत.

ओवऱ्यांच्या चौकात फरशीतच कबरी.
लॅटिन अक्षरे चपलांनी पुसत आणलेली.
सांगेहून शाळेची सहल आली होती,
त्यातली एक मुलगी कबरी चुकवत
लंगडी घालत गेली शेवटच्या कमानीपर्यंत.
"शर्वाणी, रांगेत!"
ती एका पायावरच थांबली.

जिन्यात गुडघ्याने दगा दिला
आणि माझा हात भिंतीवर गेला.
समोर पाटी: हात लावू नये.
मीच लावायला सांगितली होती.
चुना गार होता.
आत चिरा आहे, मला ठाऊक आहे,
खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने ताशावा इतका मऊ,
मग वारा खाऊन खाऊन दगड होतो.
दर आगोटीला कुठेतरी पोपडा सुटायचा,
आतले तांबडे दिसायचे,
आणि सोयरू शिडी घेऊन यायचा.
चुन्यात गुळाचे पाणी घालून बोटाने चाखायचा.
कंत्राटदार हसायचा.
सोयरूने भरलेला कोपरा अजून धरून आहे.
कंत्राटदाराचा सिमेंटचा दोनदा सुटला.

वरच्या दालनात शिंपल्यांच्या खिडक्या.
तळहाताएवढ्या चौकटीत
एकेक शिंपला, घासून पातळ केलेला.
त्यातून येतो तो उजेड ताकाच्या निवळीसारखा,
कशावर पडत नाही, नुसता साचतो.
भिंत एवढी रुंद की खिडकीच्या कुशीत
समोरासमोर दोन दगडी बैठका.
कितीदा मोजल्या असतील,
बसले नव्हते कधी.
बसले.
एक झडप उघडी होती, तिच्यातून मांडवी,
दिवाडीला निघालेली फेरीबोट,
तिच्यावर एक स्कूटर आणि केळ्यांचे घड.

मान वर केली तर तडा.
तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी,
माझ्याच अक्षरात: क्र. ७,
खाली निवृत्तीच्या आदल्या आठवड्याची तारीख.
इमारत हलली तर काच आधी तुटते,
तिला ठेवलेले असते त्यासाठीच.

मधोमध तुटली होती.

माझ्या खुर्चीवर आता जो बसतो तो ड्रोन उडवतो,
चांगला मुलगा आहे.
उद्या फोन करीन.

कुस्तोदियो मागे येऊन उभा होता.
"कधी?"
"जूनमध्ये. रात्रपाळीला होतो.
टिक् असा आवाज झाला.
मला वाटलं, तुम्ही पेन उघडलं.
मग आठवलं, तुम्ही येत नाही आता."

टेप नव्हता जवळ.
पर्समध्ये चष्मा, प्रेशरची गोळी आणि ते तिकीट.
तिकिटाची कड तड्यात सरकवून पाहिली.
गेली.
घडी घातली, तीही गेली.
आणखी एक घडी घातली तेव्हा
दगडाने दातांत धरल्यासारखे अडले.

तो पुढच्या दालनाच्या खिडक्या लावायला निघाला होता.
मी तिकीट उलटे केले,
मागे लिहायचे होते: दोन पदर, आणि आजची तारीख.
पेन उघडले,
तसे त्याने वळून पाहिले.